बाईसाठी उन्हाचा किनारा

पोर्ट ब्लेअर, अंदमान
३ जुलै १९५६

प्रिय बाई,
शिरसाष्टांग नमस्कार.

पावसानं समुद्र राखेसारखा झाला आहे. जहाज केव्हा सुटेल याचा भरवसा नाही. तरी हे पत्र आजच लिहिते, कारण मनात आलेलं बोलून टाकलं नाही तर मला चैन पडत नाही, हे तुला ठाऊक आहे. येत्या थंडीत तू इथे ये. कामाला नाही, सुट्टीला.

सुट्टी हा शब्द वाचून तू हसशील. वडशाच्या दवाखान्यात नर्सबाई झाल्यापासून तू कधी धड रजा घेतलीस? आधी नवरा गेला म्हणून माहेरी आलीस, मग आई-बापू पटकीत गेले म्हणून मला, धाकट्या बहिणीला, वाढवलंस. मी लग्न होऊन निघाले, त्या दिवशीसुद्धा गाडी हलताच तू स्टेशनावरून कुणाच्या तरी बाळंतपणाला पळालीस. मी खिडकीतून पाहिलं आहे. इथे तुला कुणाची नाळ कापायची नाही. वाळूत पाय पसरून बसायचं, आणि मी आणून देईन ते खायचं.

जागाही पाहून ठेवली आहे. आमच्या क्वार्टरपासून मैलभरावर एक खाडी आहे. झाडं अगदी पाण्यापर्यंत उतरली आहेत. भरतीच्या वेळी त्यांची सावली लाटांवर डुलते. तिथे उभी राहिले की ह्यांच्या आलापल्लीच्या सागवानात उभी आहे असंच वाटतं, फक्त पायाखाली पानांऐवजी पाणी. ह्यांची वनखात्यात इकडे नेमणूक झाली तेव्हा मी रडत आले होते. त्या खाडीनंच मला रमवलं. तुलाही तिथे घरच्यासारखं वाटेल.

नाही म्हणू नकोस.

तुझी
कमळा


वडसा, जिल्हा चांदा
५ ऑगस्ट १९५६

चि. सौ. कमळीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चिंब होऊन आलं. मी चुलीजवळ वाळवलं अन् मंग वाचलं. तू शाळेतल्यासारखं शुद्ध लिहितेस, मले तसं जमत नाई. मी बोलते तसं लिहिते, तू समजून घे.

डॉक्टरसाहेबाले रजेचं विचारलं. ते म्हणाले, "मनकर्णाबाई, तुमची रजा तं पार साचून राह्यली, घेत काऊन नाई?" म्हणजे येणं होऊ शकते. पण कमळे, तुझी खाडी मले नोको. राग मानू नोको. झाडं मले इथी कमी हायेत का? घराच्या मागं झाडं, रस्त्याले झाडं, धानाच्या बांध्या ओलांडल्या का जंगलच. अन् माझं काम तुले माहीतच हाये. बाळंतिणीची खोली म्हणजे गावातली सगळ्यात अंधारी खोली. खिडकी असली तं तिच्यात चिंध्या कोंबलेल्या. धूर, कंदील, अन् वारं लागन म्हणून लावलेलं दार. किती पोरं मी अशी उजेड न पाहताच बाहेर काढली. बाहेर आली का माझे डोळे दुखतात.

मले ऊन पाह्यजे. सकाळपासून दिवस बुडेपर्यंत ऊन, अन् माझ्या अन् त्याच्या मधात एक पानही नाई. अशी जागा तुझ्या बेटावर हाये का? असली तं मी येते.

कालच रोवण्याच्या बांधीत पाणी उभं होतं, त्याच्यावर ऊन पडलं होतं. मी बांधावर उभी राह्यली अन् डोळे अर्धे मिटले. बांधी वाढत वाढत गेली. पार गेली. मंग बैल हंबरला अन् ती परत बांधी झाली.

आमच्या जावयाले, लटारूभाऊले, नमस्कार सांग.

तुझी
बाई


पोर्ट ब्लेअर
१० सप्टेंबर १९५६

प्रिय बाई,

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "बाईनं पहिल्यांदा काही मागितलं, आता शोधलंच पाह्यजे." मग काय, रविवार आला की डोंगी काढायची आणि किनारे धुंडाळायचे. लोक आम्हाला वेडे समजतात.

दोन जागा पाहिल्या. एक लाकूडगिरणीच्या पलीकडे. वाळू चांगली, पण पाठीशी टेकडी आहे. दुपार कलली की टेकडीची सावली वाळूवर येऊन निजते, आणि मग तिथे गार, ओलसर वाटतं. ती तुला चालणार नाही.

दुसरी जागा फार दूर. एक लहानसं बेट आहे. तिथे खात्याची नारळाची बाग आणि राखणदाराच्या झोपडीजवळ खांबांवर उभं असलेलं दोन खोल्यांचं लाकडी घर. नारळ सगळे मागे आहेत. पुढे वाळूचा लांब पट्टा समुद्रात जिभेसारखा गेला आहे. त्याच्या एका बाजूला सूर्य उगवतो आणि दुसऱ्या बाजूला बुडतो. मधल्या वेळात तो कुठेही लपत नाही. काठाच्या पाण्याला रंगच नाही. स्वतःची बोटं दिसतात. गुडघाभर पाण्यात ते कोवळ्या धानासारखं हिरवं होतं, कमरेएवढं गेलं की मोराच्या मानेसारखं, आणि त्याच्या पलीकडे एकदम जांभळाच्या सालीचा रंग. मी तिथे बसले आणि काही वेळ मी कोण, कुठली, हेच मला आठवेना. झोप नव्हती ती. नुसतं ऊन होतं.

पण बाई, ती जागा राहण्याजोगी नाही. डोंगी आठवड्यातून एकदाच जाते. वाळूत बारीक किडे चावतात. पाणीही खारट असावं. मला वाटतं, खाडीच बरी. मी रोज डबा घेऊन येऊ शकेन. खाडीतही दुपारी घटकाभर ऊन येतंच.

तुझी
कमळा


वडसा
१४ ऑक्टोबर १९५६

चि. सौ. कमळीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं बेटाचं पत्र मी किती वेळा वाचलं, सांगू नाई शकत. घडीवर कागद फाटाले आला.

मले त्याच बेटाचं आणखी सांग. ऐन दुपारी वाळू पांढरी दिसते का पिवळी? माणसाची सावली पडते ते काळी पडते का निळसर? आभाळ अन् पाणी मिळते तिथी रेघ असते का, का एकमेकात विरून जाते? लाट फुटते तवा आधी पांढरी होते का फुटल्यावर? तू नीट पाहून लिही. घाई नाई.

अन् त्या घरात खाटा किती हायेत? खारं वारं खोकल्याच्या माणसाले चालते का? उन्हानं छाती मोकळी होते म्हणतात, ते खरं का?

खाडीचं राहू दे.

इथी धान लोंबीवर आलं. वाऱ्यानं हलते तवा मी काम सोडून पाहत राहते. परवा एक बाई म्हणाली, "नर्सबाई, तुमी हसून काऊन राह्यल्या?" मले माहीतच नोतं का मी हसून राह्यली.

तुझी
बाई


पोर्ट ब्लेअर
१२ नोव्हेंबर १९५६

प्रिय बाई,

तुझं पत्र वाचून मी घाबरले आहे. खरं सांग, तुला काय होतंय? खोकला किती दिवसांचा आहे? थुंकीतून काही पडतं का? इथल्या हॉस्पिटलात छातीच्या रोग्यांना सकाळी उन्हात बसवतात, तेव्हापासून तुझी 'मले ऊन पाह्यजे' ही ओळ माझ्या डोक्यातून जात नाही. आणि हे सावल्यांचे, रेघांचे प्रश्न! माझी बाई असे प्रश्न विचारत नसे. माझी बाई विचारायची, पोट साफ आहे का, डोक्याला तेल लावतेस का. माणूस आजारी पडलं की त्याचं मन असं तरंगायला लागतं, हे मी पाहिलं आहे.

तू बेटावर अजिबात जायचं नाही. तिथे डॉक्टर नाही. तू माझ्याकडे ये, माझ्या क्वार्टरमध्ये राहा. मागच्या दाराला सकाळचं ऊन येतं, तिथे खाट टाकते. आणि सुट्टी संपली म्हणून पळायचं नाही. उन्हाळा इथेच काढ. पावसाळाही काढ. तुझ्याशिवाय मला कोण आहे?

तरी तू विचारलंस म्हणून पाहून आले. वाळू दुपारी पांढरी, इतकी की डोळे मिटावे लागतात. सावली निळसर. रेघ सकाळी असते, दुपारी विरते.

मी बरी आहे. इथला तांदूळ कसला तरी येतो, शिजताना त्याचा वास सहन होत नाही, एवढंच. तू अंबाडी वाळवून पाठव ना थोडी. रात्रंदिवस अंबाडीच डोळ्यांपुढे येते.

खरं खरं लिही.

तुझी
कमळा


वडसा
९ डिसेंबर १९५६

चि. सौ. कमळीस,
अनेक आशीर्वाद.

आधी तुझं, मंग माझं.

तुझा तांदूळ चांगला हाये. वास तुले येऊन राह्यला, तांदळाले नाई. मले दाईले तू हे लपवून राह्यली का? कितवा महिना हाये? मागच्या दोन वेळचं मले सारं याद हाये, म्हणून तू नाव काढाले भेली, हेही समजलं. जड उचलू नोको. डोंगीत आता बसू नोको. हॉस्पिटलातल्या बाईले जाऊन दाखव.

आता माझं. मले काही झालं नाई. छाती माझी नाई, दुसऱ्याची हाये.

पावसाळा सरता सरता एक माणूस दवाखान्यात आला. गुणवंतराव त्यायचं नाव. नाटकाचे पडदे रंगवतात. थंडीत आपल्या झाडीपट्टीत गावोगावी नाटकं होतात, त्यातले राजवाडे, जंगलं, देवळं सगळी त्यायच्या हातची. रंगात घालाचा सरस उकळताना हात भाजला होता. मी पट्टी बांधून राह्यली होती, अन् टेबलावर तुझं बेटाचं पत्र होतं. त्यायनं विचारलं, "पत्र वाचून कोणी असं हसते का? काय लिहिलं हाये?" मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पाण्याचा रंग आला ना, तिथून पुन्हा वाचा." पट्टी झाली तरी ते उठले नाई. जन्मभर समुद्राचे पडदे रंगवले अन् समुद्र कधी पाह्यला नाई, असं सांगत बसले. मंग पट्टी बदलाले आले. मंग हात बरा झाला तरी आले. ते सगळे सवाल त्यायचे होते कमळे. पहिले त्यायचे होते, मंग माझे झाले.

रंगाच्या भुकटीनं त्यायले खोकला होते. बाकी काही नाई. बायको जाऊन फार वर्षं झाली. मूलबाळ नाई.

आमचा पाट लागला. चार दिवस झाले. आपल्यात नवरा गेलेल्या बाईचा पाट लागतो, नवी गोष्ट नाई; पण तो अंधारात लावतात, कोणी पाहू नये म्हणून. गुणवंतराव म्हणाले, "मी चोरी करून नाई राह्यलो. दुपारी लावू." अंगणाच्या मधात, भर उन्हात बसलो. बाया तोंडाले पदर लावून हसल्या. मले लाज नाई वाटली. उलट मले वाटलं, मी एवढ्या मोठ्या उजेडात कधी बसलीच नोती.

तुले आधी लिहिलं नाई. तुझं उत्तर याले महिना लागला असता अन् तेवढ्यात माझा धीर सुटला असता.

जानेवारीच्या शेवटच्या जहाजानं आम्ही दोघं येतो. किनारा तोच, बेटाचा. सांग, खाटा दोन हायेत ना?

तुझी
बाई


पोर्ट ब्लेअर
३० डिसेंबर १९५६

बाई,

आज मले शुद्ध लिहिता येत नाई.

चौथा महिना लागला. मागच्या दोन्ही वेळी चौथ्यातच गेलं. दोन्ही वेळी मी भिंतीकडे तोंड करून तुले हाका मारल्या अन् तू समुद्राच्या पलीकडे होती. या वेळी दिवस जाच्या आधीच मी म्हटलं, सुट्टी म्हणून बोलावते. एकदा आली का मंग सांगते. मंग बाई मले सोडून जाणार नाई. खाडीच्या काठी चटई टाकीन, डोकं तिच्या मांडीवर ठेवीन. किडे चावतात असं लिहिलं ते याच्यासाठीच. बेटावर किडे नाई. पाणीही गोड हाये, राखणदाराच्या विहिरीचं मी पेली.

अन् तू येऊन राह्यली नवऱ्यासंग.

तुझी वाट पाहून पाहून मी ऊन पाह्यलं, सावल्या पाह्यल्या, रेघा पाह्यल्या. ते सगळं मी एका परक्या माणसाले लिहून धाडत होती, हे मले कोणी सांगतलं नाई. माझे शब्द तुमी दोघं वाटून खात होते.

येणं हाये तं या. खाटा दोन हायेत.

कमळा


वडसा
१८ जानेवारी १९५७

चि. सौ. कमळीस,

तुले राग आला, मले बरं वाटलं. लहानपणी तू रागावली का भांडी आपटत होती, अन् मंग माझ्याच पदरात तोंड खुपसून झोपत होती. आता भांडी आपटून घे.

मी ठरवलं. मी तुझं बाळंतपण होईपर्यंत तुझ्याजवळ राहीन. डॉक्टरसाहेबाले सांगतलं. गुणवंतरावालेही सांगतलं. त्यायनं कुंचला धुवून ठेवला. मंग म्हणाले, "मी एकटा परत येईन. स्वयंपाक येते मले. तुमी तिले सोडू नोका." तू त्यायले परका म्हणतेस, म्हण. पण हे वाक्य त्यायचं हाये, ते तुले कळवलं पाह्यजे.

किनारा तू निवड. खाडी म्हणशील तं खाडी. झाडाखाली बसू. माझं काय, मी इतकी वर्षं सावलीतच काढली, आणखी थोडी.

अंबाडी बांधून ठेवली. संग मोहाचे लाडू हायेत, ते तू खाऊ नोको, लटारूभाऊसाठी हायेत.

तुझी
बाई


बेटावरून
१४ फेब्रुवारी १९५७

चि. सौ. कमळीस,
अनेक आशीर्वाद.

राखणदाराकडून कागद मागून घेतला. मासे विकणारा एक जण उद्या आपल्या डोंगीनं शहरात जाईल, त्याच्या हाती देते. तुझ्यापासून एवढ्या जवळून पत्र लिहाचं म्हणजे गंमतच वाटून राह्यली.

तू आम्हाले इथी धाडशील असं मले वाटलं नोतं. धक्क्यावर तू मले पोटाशी धरलं अन् त्यायच्याकडे पाह्यलंही नाई. दोन दिवस तू त्यायच्याशी बोलली नाई, ते मी पाहत होती. मंग त्या संध्याकाळी ते पायरीवर बसून समुद्राकडे पाहत राह्यले, जेवाले उठेनात. मी हाक माराले निघाली तं तू मले अडवलं, ताट घेतलं अन् स्वतः गेली. आतून मी ऐकलं. तू म्हणाली, "भाऊजी, जेवून घ्या. समुद्र कुठी जात नाई." अन् ते म्हणाले, "ताई, मी सारा चुकीचा रंगवला हो. सारा." तू हसली. मीही आत तव्याजवळ हसली, अन् भाकर करपली. दुसऱ्या सकाळी तूच लटारूभाऊले म्हणाली, "डोंगी सांगा. या दोघायले बेटावर जाऊ द्या."

आता इथलं सांगते. काय सांगू? मी काहीच करत नाई. पहिल्या दिवशी मले भीती वाटली. हात रिकामे होते तं घर झाडलं, राखणदाराच्या लेकराची नखं कापली, पाण्याच्या घागरी घासल्या. गुणवंतराव म्हणाले, "हे सारं वडशातही होते." मंग मी वाळूत जाऊन बसली. ऊन डोक्यावर आलं, खांद्यावर उतरलं, मांडीत येऊन बसलं, एखाद्या मांजरीसारखं. मी डोळे मिटले तरी आत उजेडच होता. लाल, मंग सोनेरी. किती वेळ गेला माहीत नाई. समुद्र श्वास घेते तसा मीही घेत होती.

त्यायचा खोकला कमी हाये. ते कागदावर रंग काढतात अन् पुसतात. म्हणतात, याचा पडदा होऊ शकत नाई, हे फक्त पाहाचं.

रविवारी डोंगी येईल, त्या डोंगीनं परत येतो. तुझे पाय सुजले का? उशी पायाखाली घे.

तुझी
बाई


पोर्ट ब्लेअर
१७ फेब्रुवारी १९५७, रविवार

प्रिय बाई,

हे पत्र डोंगीवाल्याच्या हाती देते आहे. तो तुम्हाला न्यायला आला असेल. त्याला परत पाठव.

रागावून लिहीत नाही. नीट ऐक. चौथा महिना गेला, पाचवाही गेला. आल्यावर तू पोटावर हात ठेवून म्हणालीस, "घट्ट बसलं हाये, हे कुठी जात नाई." हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईही तेच म्हणतात. काल ते हललं. आत मासोळीनं शेपूट मारावं तसं. मी एकटीच होते आणि मला भीती वाटली नाही.

तुमची डोंगी निघाली तेव्हा मी धक्क्यावर उभी होते. मला वाटलं, तू मागे वळशील. तू नेहमी वळतेस. जत्रेत, बाजारात, नदीवर, मी मागे आहे ना, हे तू दर चार पावलांनी पाहायचीस. त्या दिवशी तू पाहिलं नाहीस. तू पुढे पाहत होतीस, पदर उडत होता, आणि भाऊजी तुला हात करून काहीतरी दाखवत होते. आधी मला रडू कोसळलं. मग हे म्हणाले, "चल घरी, ऊन लागन," आणि मी चालायला लागले तर पाय इतके हलके पडत होते की मलाच नवल वाटलं.

तू जूनपर्यंत राहिलीस तर काय होईल, मला दिसतं. तू माझ्या अंथरुणाशी बसून राहशील. भाऊजी तिकडे एकटे करपलेल्या भाकरी खातील. तुला ऊन मिळालं ते पंधरवड्यापुरतंच, असं होईल. ते मला नको.

म्हणून आणखी आठ दिवस तिथेच राहा. आणि मार्चच्या जहाजानं दोघं बरोबर घरी जा. मी तुला सोडायला येईन. रडेन, पण तू त्याकडे लक्ष देऊ नकोस.

तुझी
कमळा


बेटावरून
त्याच दिवशी

कमळे,

मी गाठोडं बांधून वाळूवर उभी होती. तुझं पत्र उभ्यानं वाचलं. मंग गुणवंतरावाले दिलं. ते वाचून म्हणाले, "तुमी ठरवा. मी काही बोलत नाई."

मी डोंगीत पाय ठेवला. मंग काढला. पुन्हा ठेवला. डोंगीवाला म्हणाला, "बाई, आना है कि नहीं?" माझ्या डोक्यात तुझा चेहरा होता, लहानपणचा, तापातला. मी तो हटवला नाई. त्याच्याकडे पाहून घेतलं. अन् मंग मले दिसलं का तो चेहरा आता मोठा हाये, अन् तो मले सांगून राह्यला.

मी डोंगीवाल्याले म्हटलं, "जाओ."

राहतो आम्ही.

तुझी
बाई


पोर्ट ब्लेअर
२ जुलै १९५७

प्रिय बाई,
तुला आणि भाऊजींना शिरसाष्टांग नमस्कार.

मुलगी झाली. पंधरा दिवसांची झाली. आम्ही दोघी सुखरूप आहोत. पावसामुळे जहाज अडकलं होतं, म्हणून कळवायला उशीर होतो आहे. तू तिकडे काय काय मनात आणलं असशील, त्याची मला कल्पना आहे. ह्यांनी तार करायची म्हटलं होतं, पण मला तुला दोन शब्दांत सांगायचं नव्हतं.

डोक्यावर भरपूर जावळ आहे. रंग ह्यांच्यावर गेला. ओरडते मात्र तुझ्यासारखी, जणू सगळ्या दवाखान्याला कामाला लावायचं आहे. हे तिला खांद्यावर घेऊन व्हरांड्यात फिरतात आणि लाकडाच्या ओंडक्यांची नावं सांगतात. दूध येतं आहे. मी वेळेवर जेवते. पाय उतरले. एवढं वाचून आधी खाली बस, मग पुढचं वाच.

सकाळी कळा सुरू झाल्या. हे मला हॉस्पिटलात घेऊन गेले. डॉक्टरीणबाई दुसरीकडे अडकल्या होत्या, म्हणून रांचीकडची एक सिस्टर माझ्याजवळ होती. वयानं तुझ्याएवढी, हात खरबरीत आणि उबदार. मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की मी ओरडणार नाही. तू मला शिकवलं होतंस तसा श्वास घेतला, सोडला, घेतला, सोडला. बाहेर पाऊस इतका कोसळत होता की माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

पण शेवटी शेवटी मला राहवलं नाही. मी खाटेची दांडी धरली आणि "बाई! बाई!" करून हाका मारायला लागले. मला वाटलं, मी आता काही वाचत नाही.

सिस्टरनं माझं तोंड पुसलं. ती म्हणाली, "हाँ हाँ, बोलो बेटी, मैं तो यहीं हूँ."

मी म्हटलं, "तुमको नहीं बुलाया. माँ को बुलाया."

आणि त्याच कळेला ती झाली.

तुझी
कमळा